जरूर भेटायला या

५ नोव्हेंबर, बुधवार

दादा,

नमस्कार-चमत्कार लिहीत नाही. फोन उचलत नाहीस म्हणून पत्र. मामाच्या मिठागरावर आहेस हे मामीने सांगितलं, तेही "सुट्टीवर आलाय बिचारा" असं म्हणत. ऐन मासळीच्या दिवसांत बर्फाच्या कारखान्यात सुट्टी मिळते हे मला आजच कळलं.

रविवारी काय झालं ते सांगते. तुला काहीच माहीत नाही असं धरून सांगते, म्हणजे नीट सांगता येईल.

आमच्या शिक्षण कार्यालयाने यंदा नऊ खाणवाले शिक्षक घेतले. ते तू मला शिव्या देताना बोटांवर मोजून दाखवले होतेस. खाणी बंद पडून ती माणसं इथे बंदरावर आली त्याला पंधरा वर्षं झाली. शाळेत दर तीन पोरांत एक त्यांचं, आणि शिकवायला त्यांच्यातलं एक माणूस नाही. भरतीचं काम माझ्याकडे आलं तेव्हा मी त्यांच्या मुलुखात आत आत फिरले, माणसं हुडकली, हातापाया पडून आणली. त्यांतल्या एक या गणिताच्या बाई. चांभारगल्लीच्या टोकाला तिसऱ्या मजल्यावरची खोली मीच बघून दिली. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी नव्या शिक्षकांच्या घरी जायचं, काय हवं-नको बघायचं, हेही माझंच काम. या खेपेला पडद्याचं कापड घेऊन गेले होते. समोरच्या इमारतीतले लोक टक लावून बघतात असं त्या म्हणाल्या होत्या.

दुपारचे अडीच. जिन्याच्या दुसऱ्या वळणावर होते तेव्हा वर दार फुटलं. मग एक पुरुषी आवाज, हसत: "भेटायला आलोय, बाई. तुम्हीच बोलावलंय ना?" मग खुर्ची पडली. मग बाईंचा आवाज आला, तो मी लिहीत नाही. मी वर धावले म्हणशील, तर नाही धावले. कठडा धरून उभी राहिले. आत धपाधप चाललं होतं, गादी बडवतात तसं. मध्येच कुणीतरी "बास, बास रे" म्हणत होतं आणि कुणी ऐकत नव्हतं. तो 'बास' म्हणणारा तू होतास का, हे मी तीन दिवस स्वतःला विचारतेय. छे! बघ, तुला माहीत नाही असं धरून सांगणार होते.

सहाजण खाली आले. तोंडाला फडकी. पाचजण मला धक्के मारून गेले, एकाच्या कोपराने ओठ फुटला. सहावा थबकला. त्याचा डावा खांदा झुकलेला होता. बारा वर्षं बर्फाच्या लाद्या वाहिल्यावर झुकतो तसा. त्याने माझ्याकडे बघितलं आणि खाली मान घालून पळाला. त्याचे हात रिकामे होते.

वर गेले. बाई टेबलाशी वह्या तपासत बसलेल्या असणार, लाल पेन अजून डाव्या हाताशी पडलं होतं. गळ्याजवळचं हाड मोडून कातडीखाली वर आलेलं. एक डोळा मिटून सुजलेला. आणि उजवा हात टेबलावर, तळव्यातून लाद्या ओढायची लोखंडी आकडी आरपार, खाली फळीत रुतलेली. शुद्ध नव्हती. वह्यांच्या गठ्ठ्यावर रक्त साचून कडेने गळत होतं. मी आकडी काढली, हाताला टॉवेल बांधला आणि खिडकीत जाऊन बोंब ठोकली.

फौजदाराने विचारलं, कुणी ओळखू आलं? म्हटलं, तोंडं बांधलेली होती. हत्यार? म्हटलं, घेऊन गेले असतील.

आकडी माझ्या कार्यालयातल्या कपाटात आहे, गेल्या वर्षीच्या अर्जांच्या मागे, पडद्याच्या कापडात गुंडाळून. मुठीला निळी सायकलची ट्यूब आहे. तुझ्या तळहाताला फोड आले होते तेव्हा मीच गुंडाळून दिली होती, आठवतं? किल्ली माझ्याकडेच असते. पुढे काय करायचं ते कळव, हात लिहिण्याइतका शाबूत असेल तर.

मिरची

११ नोव्हेंबर, मंगळवार

दादा,

तुझं उत्तर नाही. नसू दे. माझ्या डोक्यात इतकी आग आहे की कुणावर तरी काढायलाच हवी, आणि तू हक्काचा.

फौजदाराने आज मला बोलावून एक कागद पुढे टाकला. बाईंच्या खोलीत सापडलेला. चार घड्या, घामाने मऊ झालेला, अर्धा रक्ताने कडक. "हे कुणी छापलं?" म्हणाला. म्हटलं, मी.

नवा शिक्षक आला की त्याचं एक ओळखपत्रक मी काढते. फोटो, विषय, गाव, आवड, राहण्याची जागा. शाळेच्या फळ्यावर लावते, दुकानांत वाटते. लोकांना माणूस कळला की धसका जातो, असं मला वाटायचं. बाईंच्या पत्रकावर लिहिलं होतं, आवड: पोहणे शिकायचे आहे. पत्ता: अमुक इमारत, तिसरा मजला, जिन्यासमोरचे दार. आणि सगळ्या पत्रकांखाली माझी एक ठरलेली ओळ: जरूर भेटायला या.

मीच लिहिलं, दादा. कोणत्या दारावर लाथ घालायची तेसुद्धा.

फौजदार म्हणाला, "बाई, तुमचं डोकं ठिकाणावर होतं का?" मी टेबलावरचं काचेचं जड पेपरवेट उचललं होतं. त्याने मनगट धरलं म्हणून, नाहीतर आज मीही आतच असते. खरं म्हणजे तो काही खोटं बोलत नव्हता. म्हणूनच हात उठला.

दवाखान्यात रोज जाते. काल डॉक्टर सगळ्यांसमोर म्हणाले, "हत्यार हातात तसंच ठेवून आणलं असतं तर नसा वाचवता आल्या असत्या. ज्याने ओढून काढलं त्याने हातच फाडला. दोन बोटं काढावी लागली, उरलेली वळणार नाहीत." बाईंनी डोळे मिटले. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही आलात म्हणून जगले. ते लोक परत आले असते तर?" आणि डाव्या हाताने माझा हात दाबला. मी म्हटलं, पाणी आणते. आणि पाणी न आणताच घरी आले.

नवांपैकी सहा गेले. बस पकडून सरळ परत, दोघांनी तर राजीनामासुद्धा दिला नाही. मुख्याध्यापकांनी सभा घेतली. "उरलेल्यांना त्यांच्याच सुरक्षेसाठी परत पाठवू या." मी म्हटलं, मग त्यांच्या पोरांनाही पाठवा, चारशे आहेत, बसगाड्या मागवू का? चित्रकलेचे मास्तर तेवढे माझ्या बाजूने बोलले. दोन वर्षांत निवृत्त होतील, दम्याने बेजार, पण उरलेल्या दोघांना रोज सकाळी घरून आणतात आणि संध्याकाळी सोडतात. "कुणी आलं तर तुम्ही काय करणार मास्तर?" असं विचारलं तर म्हणाले, "खोकेन." हसले मी. आठ दिवसांत पहिल्यांदा.

तुला ते पाटीचं आठवतं? पाचवीत असताना वाण्याच्या पोराने मला काहीबाही म्हटलं होतं. तू त्याच्याच पाटीने त्याचे पुढचे दोन दात पाडलेस. बाबांनी पट्ट्याने तुझी पाठ सोलली आणि तू हूं की चूं केलं नाहीस. मी दाराआडून बघत होते. मला भीती वाटली असेल असं तुला वाटत असेल, तर नाही. मला आवडलं होतं. माझ्यासाठी कुणाचंही तोंड फोडणारा भाऊ आहे, या तोऱ्यात मी मोठी झाले.

पत्र लिही.

मिरची

१९ नोव्हेंबर, बुधवार

दादा,

तुझं कार्ड आलं. चार ओळी. "आकडी समुद्रात टाक. तुझ्या वहिनीला काही कळू देऊ नकोस. मी नुसतं धमकावायला गेलो होतो, बाकीच्यांचं डोकं फिरलं. तू माझी बहीण आहेस की त्यांची?"

नुसतं धमकावायला कुणी आकडी घेऊन जातं का रे? आणि आकडी बाकीच्यांपैकी कुणाची नव्हती.

शनिवारी ती घेऊन धक्क्यावर गेले होते. खरं सांगते. टोकाला उभी राहिले, पिशवीत हात घातला. ओहोटी होती. खाली नुसता चिखल आणि दगड दिसत होते, तिथे पडली असती तर भरती येईतो सगळ्या गावाने बघितली असती. जन्म समुद्रावर गेला आणि ओहोटीची वेळ बघायचं सुचलं नाही! तशीच परत आले. कपाटात ठेवली. सोमवारी पुन्हा जाणार होते, वेळ बघून.

सोमवारी आधी दवाखान्यात गेले. बाईंच्या खाटेवर एक पोरगी बसली होती, नऊ-दहा वर्षांची, खाणवाल्यांचीच. पुढ्यात वही. ती बाईंना डाव्या हाताने लिहायला शिकवत होती. "वही अशी तिरकी करा बाई. नाही, तिकडे नाही, इकडे. पेन्सिल दाबू नका, दुखेल." आणि बाई शहाण्या मुलीसारखं गिरवत होत्या. मी विचारलं, "तुला गं कसं येतं?" बाई म्हणाल्या, "मीच शिकवलंय तिला, जुलैत. तिच्या उजव्या हाताची बोटं वळत नाहीत. कुणीतरी शाळेत मोडली होती, ती सांगत नाही." पोरीने माझ्याकडे बघितलं. तिने मला ओळखलं. हात पाठीमागे लपवला.

आता मी जे लिहिणार आहे ते तू बसून वाच.

ती बोटं वहिनीने मोडली, त्या वर्गाला शिकवत होती तेव्हा. गेल्या फेब्रुवारीत. लाकडी पट्टीच्या कडेने, टेबलावर हात ठेवायला लावून, पाढा चुकला म्हणून, आणि मारताना "खाणीतली घाण" म्हणत. सगळा वर्ग बघत होता. पोरीची आई तिला सोबत घेऊन तक्रार द्यायला कार्यालयात आली, ती नेमकी माझ्याकडे. मी तिला पाणी दिलं, खुर्ची दिली, गोड बोलले आणि अर्ज खणात टाकला. वर पाठवलाच नाही. आपल्या घराचं नाव चव्हाट्यावर येईल म्हणून. वहिनीला एकटीला बोलावून सांगितलं, अकरा वर्षांची हंगामी नोकरी आहे, यंदा पुन्हा नेमणूक मिळणार नाही, गुपचूप घरी बस. ती हो म्हणाली. बाहेर पडताना म्हणाली, "ह्यांना काय सांगू?"

आणि मग तू माझ्या दारात आलास. तोंड लाल, मुठी आवळलेल्या. "हिची नोकरी कुणी खाल्ली?" मला तुझी भीती वाटली, दादा. आयुष्यात पहिल्यांदा. तू वहिनीवर हात टाकशील असं वाटलं. मग मी पटकन म्हणून गेले, "काय करणार, ती जागा खाणवाल्या बाईला द्यायचा आदेश आलाय."

असा आदेश कधीच नव्हता. बाईंची जागा वेगळी, विषय वेगळा. वहिनीने मान खाली घातली, मी विषय बदलला, चहा टाकला. आठ महिने तू बर्फ फोडताना हेच घोकलंस, आणि आम्ही दोघी तुला घोकू दिलं. वहिनीला वाचवायला म्हणून मी तुझा राग दुसऱ्या दाराकडे वळवला. वर त्या दाराचा पत्ताही छापला.

आणखी एक राहिलं. पहिल्या पत्रात लिहिलं होतं, 'मी आकडी काढली.' बाईंना मोकळं करायला काढली असं तुला वाटलं असेल. दार ओलांडल्यावर मला सगळ्यात आधी बाई दिसल्या नाहीत. निळी ट्यूब दिसली. शेजारी यायच्या आत ही इथून गेली पाहिजे, एवढंच डोक्यात होतं. पाय टेबलाला लावून मी ती दोन्ही हातांनी हिसडली. एकदा निघाली नाही. दुसऱ्यांदा पिळून हिसडली. त्या शुद्धीवर नव्हत्या, तरी त्यांच्या तोंडून आवाज निघाला. तू भोक पाडलंस, दादा. हात मी फाडला. आणि त्या माझे आभार मानतायत.

तू विचारतोस, कुणाची बहीण. तुझीच. म्हणून तर आपल्या दोघांचे हात सारखेच भरलेत. पण समुद्रावर आता जाणार नाही.

मिरची

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

दादा,

हे पत्र टपालात टाकत नाही. फौजदाराच्या हातात देतेय, त्याने कबूल केलंय तुला द्यायचं. म्हणजे तू हे वाचतोयस तेव्हा ते तुझ्या दारात उभे आहेत. मागच्या खिडकीतून उडी मारायच्या विचारात असशील तर बस खाली. तिकडेही दोघे आहेत.

आधी बाईंकडे गेले होते. पडद्याचं कापड सोडून आकडी त्यांच्यासमोर ठेवली आणि सगळं सांगितलं. पत्रक, खोटा आदेश, पोरीचा अर्ज. आकडी कुणी हिसडली ते हाताने करून दाखवलं. त्या ओरडतील, काहीतरी फेकून मारतील असं वाटलं होतं. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी डाव्या हाताने आकडी बाजूला सारली. मग म्हणाल्या, "त्या पोरीचा अर्ज कुठाय?" म्हटलं, खणात. "तो आधी द्या. माझं नंतर. तिचं फेब्रुवारीपासून पडलंय."

मी विचारलं, शाळेत परत याल का? म्हणाल्या, "येईन. तुम्ही तिथे नसाल तर."

अर्ज दिला, राजीनामाही दिला. माझ्यावर खटला होणार आहे, पुरावा दडवला म्हणून आणि तक्रार दाबली म्हणून. होऊ दे.

वहिनीला चौकशीला बोलावलं त्या दुपारी ती भर बाजारात माझ्या अंगावर आली. झिंज्या धरून मला तराजूंच्या रांगेवर आपटलं. गालावर चार नखांच्या रेघा आहेत, अजून पाणी लागलं की झोंबतात. "घर जाळलंस, सटवे!" म्हणून किंचाळत होती. मी हात वर केला नाही. मला मारामारी करता येत नाही अशातला भाग नाही, तुला माहीत आहे. मास्तरांनी मध्ये पडून सोडवलं, आणि खरोखरच खोकत सोडवलं. नंतर वहिनी फुटपाथवर बसून रडली. म्हणाली, "मी त्यांना खरं सांगितलं असतं तर त्यांनी मला मारलं असतं." म्हटलं, हो. मलाही तेच वाटलं होतं. आम्ही दोघी तुला इतकं घाबरत होतो हे तुला ठाऊक होतं का? मला वाटतं, होतं.

बाई सोमवारी शाळेत गेल्या. गळ्यात झोळी, एक डोळा अजून अर्धा बंद. मी फाटकासमोरच्या दुकानाआड उभी होते. फळ्यावर डाव्या हाताने आकडे काढताना आडवे-तिडवे आले, पोरं हसली, त्याही हसल्या म्हणे. हे मास्तरांनी सांगितलं. मला आत जायची परवानगी नाही.

मग आज आकडी घेऊन फौजदाराकडे गेले. त्याने कोरा कागद सरकवला, "माणसाची माहिती लिहा." मी लिहायला लागले आणि हात आपोआप चालला. शेकडो पत्रकं लिहिलेला हात. नाव. वय, त्रेचाळीस. काम, बर्फाचा कारखाना, बारा वर्षं. खूण, डावा खांदा झुकलेला. आवड, पतंग बनवणे, बहिणीसाठी लाल. पत्ता, मामाचं मिठागर, पंपाच्या मागची पत्र्याची खोली, दार पूर्वेला. आणि खाली सवयीने "जरूर भेटाय" इतकं लिहून झालं तेव्हा पेन थांबलं. फौजदार बघत होता. म्हणाला, "हे काय?" मी आवडीची ओळ खोडली. खालची ओळही खोडली. कागद त्याच्याकडे दिला आणि तिथेच बाकावर बसून रडले, लाज सोडून, हवालदार चहाचा पेला घेऊन उभा होता तरी.

दादा, उठ आता. तोंडाला फडकं बांधू नकोस. खांदा दुखत असेल तर बेडी पुढून घालायला सांग, मी फौजदाराला बोललेय.

भेटीचा दिवस बुधवार, दहा ते बारा. विचारून आलेय. तू बोलावलं नाहीस तरी मी भेटायला येणार आहे.

तुझी
मिरची